ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मॉडेल रेल्वे: मे महिना, पावसाळा आणि थंडी कशी सांभाळायची

मॉडेल रेल्वेबद्दल, म्हणजे घरात छोट्या रुळांवर छोट्या गाड्या चालवायच्या छंदाबद्दल, परदेशातल्या लोकांचं काहीही वाचायला घेतलं की सीझनचा विषय येतोच. अमेरिकेत वर उत्तरेला, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन वगैरे भागात, थंडीचे चार-पाच महिने बाहेर बर्फ असतो मग लोक बेसमेंटमध्ये उतरतात आणि तिथेच ट्रॅक टाकतात, रंगवतात, गाड्या चालवतात, म्हणजे त्यांचा ट्रेनचा सीझन हिवाळा. तिकडची या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३५ साली मिलवॉकीत, म्हणजे अशाच थंड गावात सुरू झाली. खाली दक्षिणेला, टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडाकडे, बरोबर उलटं. तिथे बऱ्याच घरांना बेसमेंट नसतं, गॅरेज आणि माळा उन्हाळ्यात भट्टीसारखे तापतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ते लोक एसीच्या खोलीत बसून लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या रूळ-स्टेशन-डोंगरांवर, काम करतात.

मग आपलं काय? मी कळव्यात राहते, मागच्या खिडकीतून कारशेड दिसतं, लहानपणापासून लोकलचे रेक आत-बाहेर होताना बघत आलेय, आणि गेली काही वर्षं घरातच एक छोटा एन स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या १६०व्या भागाएवढ्या मापाचा, लेआउट चालवतेय. आपला ट्रेनचा सीझन म्हणजे पावसाळा, असं माझं आता पक्कं मत झालंय. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवार कुठे जायचं नसतं, कपडे घरात दोरीवर वाळत असतात, तेव्हा गाडी चालवण्यासारखं सुख नाही. पण गंमत अशी की लेआउटची सगळ्यात जास्त वाट लागते तीही याच चार महिन्यांत, म्हणून आधीचे आठ महिने त्याची तयारी करावी लागते, आणि ती कशी करायची ते सांगायला हे सगळं लिहितेय.

आधी माझं काय झालं ते. पहिला लेआउट मी डिसेंबरमध्ये बांधला, मस्त कोरडी हवा, साधा कमर्शियल प्लाय घेतला कारण दुकानदार म्हणाला घरातच तर ठेवायचाय, काही होत नाही. जानेवारी ते मे गाडी सुरेख पळाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन एकाच पॉइंटवर, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्यावर, रोज घसरायला लागलं, मला वाटलं चाकात प्रॉब्लेम आहे, इंजिन उघडलं, साफ केलं, तरी तेच. शेवटी रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च रुळांच्या लेव्हलला आडवा धरला आणि डोळा टेबलाला टेकवून बघितलं तर प्लायची कड पापडासारखी वर आलेली, त्याच्यावरचा पॉइंट पिळला गेलेला, आणि सांध्याची जीभ रुळाला टेकायच्या ऐवजी अर्धा मिलिमीटर लांब उभी होती. तेवढ्या फटीत चाक घुसत होतं. पुठ्ठ्याच्या स्टेशनाच्या मागच्या भिंतीवर हिरवट बुरशी आली होती ती वेगळीच. मला रडू आलं होतं तेव्हा खरंच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते की आपला शत्रू उष्णता नाहीये, दमटपणा आहे, आणि त्यातही दमटपणाचं वरखाली होणं. रूळ उन्हाने वाढतात हे खरं, पण हिशोब करून बघा, ३ मीटर लांबीचा रूळ आणि २० डिग्रीचा फरक धरला तरी वाढ होते जेमतेम १ मिलिमीटर, आणि आपल्या घरात जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांच्यात साधारण तेवढाच फरक असतो. लाकूड मात्र पाणी पिऊन फुगतं आणि कोरडं झालं की आकसतं. उत्तरेकडच्या बर्फातल्या लोकांचा त्रासही हाच आहे, फक्त दिशा उलटी, त्यांच्याकडे हिवाळ्यात हीटर चालू झाला की हवा कोरडी ठाक होते, लाकूड आकसतं आणि रूळ वाकडे होतात, म्हणून ते ह्युमिडिफायर लावून हवेत पाणी सोडतात. आपल्याला ते पाणी बाहेर काढायचंय. त्यामुळे त्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका, दक्षिणवाल्यांचे बऱ्यापैकी लागू पडतात.

सगळ्यात आधी हायग्रोमीटर म्हणजे हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र घ्या, डिजिटल, ऑनलाइन काही शे रुपयांत येतो. पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका, घरच्या घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओलसर रगडा करा, वर पाणी साचायला नको, मग ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिपलॉक पिशवीत ठेवून पिशवी बंद करा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी ७५ दिसायला पाहिजे, कारण ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझ्यावर ८१ आलं, म्हणजे तो ६ जास्त दाखवतो, तसा कागद मी त्याच्या पाठीला चिकटवून ठेवलाय. लेआउटच्या खोलीत वर्षभर ५० ते ६० च्या आसपास राहिलं तर काही होत नाही. जुलैत खिडकी उघडी असेल तर ८५ च्या वर सहज जातं.

आता खोली. ठाण्यात वेगळी खोली कोणाला मिळणार, बेडरूमच घ्यावी लागते, आणि ते बरंच आहे कारण एसी तिथेच असतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा, मेमध्ये चारनंतर ऊन थेट डब्यांवर पडतं, रंग उडतो आणि प्लास्टिक मऊ पडून वाकतं. टेरेसखालचा फ्लॅट असेल तर पोटमाळ्यावर गाड्यांचे बॉक्स ठेवू नका, तिथे मेमध्ये हात लावला तरी चटका बसतो. तळमजल्यावर असाल तर जमिनीलगत काहीच ठेवू नका, २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको. बंद केलेली बाल्कनी सगळ्यात वाईट, पावसाचे तुषार कुठून तरी येतातच.

जागेचा हिशोब पण आधी करा. लोकलचा एक डबा साधारण २१ मीटरचा असतो. एचओ म्हणजे १:८७ स्केलमध्ये तो २४ सेंटिमीटर होतो आणि १२ डब्यांची लोकल जवळजवळ २ मीटर ९० सेंटिमीटर, म्हणजे दहा फुटी बेडरूमची अख्खी भिंत एकट्या गाडीलाच गेली, ती वळणार कुठे? एन स्केल म्हणजे १:१६० मध्ये तीच गाडी दीड मीटरच्या थोडी वर जाते, आणि ९ डब्यांची केली तर १ मीटर २० मध्ये बसते. म्हणून आपल्या घरांना एन स्केलच बरा असं मी म्हणते. गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, लोक फार वाद घालतात, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे, तो एचओमध्ये १९.३ आणि एनमध्ये १०.५ यायला पाहिजे, पण विकत मिळणारे ट्रॅक १६.५ आणि ९ मिलिमीटरचेच असतात कारण ते बाहेरच्या स्टँडर्ड गेजवरून काढलेत. तो फरक मान्य करून पुढे जा, वरून बघताना नजरेला खटकत नाही.

बांधकाम एप्रिल-मेमध्ये करा. यामागे कारण आहे, मेच्या दुपारी टाकलेला रूळ आपल्या घरात जितका लांब होऊ शकतो तितका झालेलाच असतो, त्यामुळे जॉइंटला गॅप जवळजवळ न ठेवता टाकला तरी चालतं, पुढे थंडीत तो आकसेल एवढंच. डिसेंबरमध्ये टाकत असाल तर दर मीटरला जाड पोस्टकार्डच्या जाडीएवढी फट सोडा. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लायच मागा, शिक्का स्वतः बघा, नुसतं वॉटरप्रूफ आहे म्हटलं तर घेऊ नका. १२ मिलिमीटर पुरतो, खाली दर दीड फुटाला पट्टी मारा. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड अजिबात नको, कडेने पाणी पितो आणि परत मूळ आकाराला येत नाही. आणि सुताराला सांगून मोकळे होऊ नका, चारही कडा आणि विशेष म्हणजे खालची बाजू, सगळीकडे प्रायमर आणि दोन हात ऑइलपेंट मारून घ्या, कारण फक्त वरून रंगवलं तर खालून ओल शिरते आणि फळी एकाच बाजूला फुगून वाकते. हे काम १५ मेच्या आत संपवा म्हणजे रंग नीट वाळतो. प्लायच्या वर मी एक इंचाचा निळा एक्सपीएस फोम, थर्माकोलसारखा पण घट्ट, टाकलाय, तो पाणी पीत नाही आणि डोंगर-नाले कापायला सोपा. चिकटवायला पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल.

वायरिंगला मात्र कंजूषी करू नका. बाहेरचे बरेच जण एकाच ठिकाणी दोन वायरी जोडून अख्खा लूप चालवतात कारण रुळांचे जॉइनर, म्हणजे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, करंट पुढे नेतात. आपल्याकडे दोन पावसाळ्यात जॉइनरच्या आत काळा थर बसतो आणि गाडी लांबच्या टोकाला जाऊन रांगायला लागते. लेआउटच्या खालून १ स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी, एक लाल एक काळी, पूर्ण फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक वायरने खालून सोल्डर करून जोडा, मग जॉइनर फक्त रूळ सरळ रेषेत धरायला उरतो, करंटसाठी त्याच्यावर अवलंबून राहायचं नाही. वायर, सोल्डर, स्विच हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका चकरेत मिळतं. ट्रॅक घेताना निकेल सिल्व्हरचा घ्या, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, पण तो गंजत नाही. जुन्या सेटमधले स्टीलचे रूळ पहिल्याच ऑगस्टमध्ये तांबडे होतात, ते घेऊच नका कितीही स्वस्त मिळाले तरी.

आता एसीची गोष्ट, जी मला कळायला दोन पावसाळे लागले. आपल्याला वाटतं एसी लावला की काम झालं, पण एसी बंद केल्यावर काय होतं ते बघा. चष्मा घालून एसीतून बाहेर आलात की काचेवर वाफ धरते ना, तसंच रुळांचं होतं. बाहेर २९ डिग्री आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर साधारण २६ डिग्रीच्या खाली गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी बसतं. तुम्ही रात्रभर २२ वर एसी चालवला आणि सकाळी उठून खिडक्या सताड उघडल्या की रूळ, चाकं, मोटर सगळ्यांना घाम फुटतो. म्हणून मी पावसाळ्यात २६ किंवा २७ ला ड्राय मोडवर ठेवते, बंद केल्यावर अर्धा तास दार-खिडक्या बंदच ठेवते, पंखा चालू, आणि मग हळूहळू उघडते. कोणाकडे इंजिन घेऊन जायचं असेल तर एसीच्या खोलीतच झिपलॉकमध्ये बंद करून न्या आणि तिकडे पोचल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका.

एसी दिवसभर चालवणं परवडत नाही, कोणालाच नाही, म्हणून जे चालवत नाही ते बंद डब्यात ठेवायचं. मी स्वयंपाकघरातले रबरी सील असलेले प्लास्टिकचे मोठे डबे घेतलेत, जांभळी नाक्याला चिकार मिळतात, प्रत्येकात सिलिका जेलची पुडी. केशरी रंगाचं जेल घ्या जे ओल पिऊन हिरवं होतं, निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं आणि घरात लहान मुलं असतील तर नकोच. हिरवं झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत गरम करा, तो तवा मग पोळ्यांना वापरायचा नाही. गाड्या ज्या फोममध्ये येतात तो फोम काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला लागतो, म्हणून आधी टिश्यूत गुंडाळा.

लेआउट झाकायला प्लास्टिक वापरू नका, खाली ओल कोंडते. सुती चादरही नको, तिचे धागे चाकांच्या अॅक्सलमध्ये गुंततात, माझ्या एका मालडब्याच्या अॅक्सलमधून मी चिमट्याने बोटभर धागा काढलाय. आईची जुनी सिंथेटिक साडी सगळ्यात बेस्ट, हवा जाते, धूळ थांबते, धागे सुटत नाहीत. घोडबंदरकडे राहणाऱ्यांना तर बांधकामाच्या धुळीमुळे बारा महिने झाकून ठेवावंच लागेल.

रूळ पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच. कंट्रोलर बंद, प्लग काढून, खिडकी उघडी, जुन्या टी-शर्टच्या तुकड्यावर थोडं घेऊन पुसायचं आणि पूर्ण उडून गेल्याशिवाय चालू करायचं नाही, ते पेट घेतं. सँडपेपर कधीही लावू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण अजून घट्ट बसते. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा पुसलं की पुरतं. आणि रूळ पुसून चाकं तशीच ठेवलीत तर दोन फेऱ्यांत रूळ परत काळे होतील, चाकंही त्याच वेळी पुसा.

तेलाचं एक सांगते कारण घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, "अगं दोन थेंब खोबरेल टाक की." नाही टाकायचं. खोबरेल साधारण २४ डिग्रीला गोठतं, हिवाळ्यात बाटलीत बघतोच आपण, तसंच ते गिअरमध्ये बसेल, आणि न गोठता राहिलं तरी काही महिन्यांत चिकट होतं. प्लास्टिकला चालणारं पातळ मॉडेल ऑइलच घ्या, सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तेही वर्षातून दोनदा. मेमध्ये गाडी सलग अर्ध्या तासाच्या वर पळवू नका, मोटर आधीच तापलेल्या हवेत असते, हात लावून बघा, कोमटच्या वर गेली की थांबवा. चाकांवरचे रबरी टायर उन्हाळ्यात चिरतात, एक जोडी जास्तीची ठेवा.

रंगकाम आणि सीनरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात स्प्रे मारलात तर रंग वाळताना पांढुरका होतो, फेविक्विक तर हवेतल्या ओलीनेच जमतो त्यामुळे जुलैत तो पटकन चिकटतो खरा पण बाजूला पांढरी राख सोडतो, काचेच्या खिडक्या खराब होतात. प्लास्टर ऑफ पॅरिस आठवडाभर वाळत नाही आणि त्यावर बुरशी येते. इमारती पुठ्ठ्याच्या करणार असाल तर आतून-बाहेरून लॅकरचा हात द्या, मी आता सनबोर्डच, म्हणजे प्लास्टिकचा हलका फोम बोर्ड, वापरते.

विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर दोन्ही वेळा.

मग पावसाळ्यात करायचं काय, तर चालवायचं. आणि गोल गोल फिरवून दोन रविवारी कंटाळा येतो म्हणून शंटिंग करा, म्हणजे इंजिनाने डबे मागे-पुढे करून हव्या त्या क्रमाने लावा. अॅलन राइट नावाच्या ब्रिटिश माणसाने इंगलनूक म्हणून एक छोटा आराखडा तयार केलाय, दोन पॉइंट, तीन साइडिंग म्हणजे डबे उभे करायच्या लाइनी, एकात ५ डबे मावतात, बाकी दोनांत ३-३, आणि पुढच्या टोकाला इंजिन अधिक ३ डबे एवढीच जागा. एकूण ८ डबे उभे करायचे, चिठ्ठ्या काढून त्यातले ५ ठरवायचे आणि ते त्याच क्रमाने एका रेकमध्ये लावायचे. ६७२० वेगवेगळे क्रम होतात, म्हणजे रोज एक केलात तरी अठरा वर्षं पुरेल. एन स्केलमध्ये हे साडेतीन-चार फुटांच्या फळीवर बसतं, कपाटावर ठेवता येतं, आणि मुलाला मी मोटरमन करते, मी सांधेवाली, तो म्हणतो "आई, तीन नंबर लाइन दे" आणि मी पॉइंट मारते. बाहेर पाऊस कोसळत असतो, खऱ्या लोकल उशिराने धावत असतात, आमच्याकडे मालगाडी वेळेवर सुटते.

दुसरा माझा आवडता विषय माथेरान. नेरळ-माथेरान लाइन १९०७ साली सुरू झाली, ६१० मिलिमीटर गेज. एचओच्या मापाने काटेकोर धरलं तर रूळ ७ मिलिमीटरचे पाहिजेत, पण एनचा ९ मिलिमीटर ट्रॅक आणि एनच्याच इंजिनाचा खालचा भाग घेऊन वर १:८७ ची बॉडी बसवली की काम होतं, आणि हे इतक्या कडक वळणांवर चालतं की दीड बाय अडीच फुटांत अख्खा घाट बसतो. डबे सनबोर्डचे करा, खिडक्या मोठ्या ठेवा. खरी गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, दरडी कोसळतात म्हणून. घरातली मात्र त्याच दिवसांत सोडायची, फोम कापून डोंगर केलाय तो आधीच हिरव्या टर्फने म्हणजे खोट्या गवताच्या भुशाने भरून ठेवा, धबधब्याला पारदर्शक सिलिकॉनचे पट्टे ओढा, ते हवेतल्या ओलीनेच जमतं त्यामुळे पावसाळ्यात करण्यासारखं सीनरीचं हे एकच काम आहे. पट्टे आधी प्लास्टिकच्या शीटवर उभे ओढायचे, टूथपिकने बारीक रेघा मारायच्या, दुसऱ्या दिवशी सोलून कड्यावर चिकटवायचे. माझा जुम्मापट्टीच्या वळणावरचा धबधबा असाच केलाय, त्याच्याखालून गाडी जाताना मुलगा अजूनही खिडकीतून हात बाहेर काढल्यासारखं करतो.